पैसे नको मागूस, चावी माग

यावेळचं पत्र कोपरखैरण्याहून आलंय. लांबलचक आहे म्हणून थोडं कापून देते, नाव अर्थातच देत नाही.

"ताई, मी २३ वर्षांची, बी.कॉम. झालंय. वडील एपीएमसीत माथाडी. आमच्या सेक्टरमधली घरं लहान, एका खोलीत पाच-सहा माणसं आणि टीव्ही चालू, त्यामुळे दहावी-बारावीच्या पोरांना अभ्यासाला जागाच नसते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दहा जणांनी सोसायटीच्या ऑफिसात संध्याकाळी ७ ते १० अभ्यासिका चालू केली, आता रोज तीसेक मुलं येतात. मधल्या काळात मला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी ऑफिसात घेतलं, महिना १०,००० मिळायचे, अकरा महिने संपले तसे तेही संपले. आता सोसायटीची नवीन कमिटी म्हणते ऑफिस खाली करा. इथले एक भाऊ म्हणतात संस्था रजिस्टर करा, सरकार तरुणांच्या संस्थांना लाखो रुपये देतं, मी आणून देतो, कागदपत्रं माझा माणूस करेल, तू फक्त सचिव हो. आई म्हणते लष्कराच्या भाकऱ्या भाजणं बंद कर आणि नोकरी बघ. सरकार आमच्यासारख्यांना खरंच काही देतं का? संस्था काढू का? - सेक्टरवाली"

सेक्टरवाली, उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला नको: संस्था आत्ता काढू नकोस. पुढे कधीतरी काढ, तीन वर्षांनी काढ, पण आत्ता नको आणि भाऊंच्या माणसाच्या हातून तर अजिबात नको. का ते सांगते, पण त्याच्याआधी तुझ्या पत्रात दोन गोष्टींचा गुंता झालाय तो सोडवूया. एक तुझं पोट आणि दुसरं अभ्यासिकेचं पोट. तू दोन्हीसाठी एकच दार ठोठावतेयस, "सरकार काही देतं का" म्हणून. सरकारदरबारी या दोन गोष्टींची टेबलं वेगळी, फाईली वेगळ्या, एवढंच काय बिल्डिंगी पण वेगळ्या असतात.

आधी तुझं बघू.

ती योजना जुलै २०२४ मध्ये आली तेव्हा सगळे तिला लाडका भाऊ म्हणत होते, म्हणजे तूसुद्धा अकरा महिने लाडका भाऊ होतीस म्हणायचं! बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीवाल्याला १०,०००, वय १८ ते ३५, सुरुवातीला सहा महिनेच होते, मग २०२५ ला आणखी पाच वाढवले. ते पैसे विद्यावेतन होते, पगार नव्हता, आणि हे नाव नुसतं कागदावरचं नाहीये, त्याचा अर्थच असा की संपलं की संपलं. कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली, मला त्या पोरांचं वाईट वाटतं, कारण अकरा महिने एकाच टेबलावर काम केल्यावर ते टेबल आपलं वाटायला लागतंच. पण तू त्या आशेवर घरी बसू नकोस. प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हातात घेतलंयस का? पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. नसेल तर उद्याच जा, साहेब बदलून गेले की तुझी हजेरी कोणाला आठवणार नाही.

दुसरं म्हणजे केंद्र सरकारची पीएम इंटर्नशिप योजना बघ. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली तेव्हा अट २१ ते २४ वयाची होती, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, महिना ५,००० बारा महिने आणि सुरुवातीला एकदाच ६,०००. तुला वाटेल दहावरून पाचावर कशाला येऊ, तर त्याचं कारण असं की त्यात कंपन्या मोठ्या असतात आणि बी.कॉम.च्या मुलीला सरकारी ऑफिसच्या अनुभवापेक्षा कंपनीच्या अकाउंट्समधला एक वर्षाचा अनुभव पुढे जास्त विकता येतो. अटी अर्ज निघतो त्या वेळच्या वाच, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या वाचू नकोस. आणि महास्वयमवर, म्हणजे राज्य सरकारच्या रोजगाराच्या वेबसाइटवर, तुझं नाव आहेच, तर रोजगार मेळाव्यांचे मेसेज नुसते डिलीट करत जाऊ नकोस, ठाण्यात नाहीतर वाशीत असला की एक दिवस जाऊन ये, काही नाही तर चार इंटरव्ह्यूंची सवय होते.

स्पर्धा परीक्षांचं मनात असेल तर ठाण्यात चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, ठाणे महापालिकेची, १९८७ पासून चालू, आणि तरी नवी मुंबईतल्या अर्ध्या पोरांना तिचं नाव माहीत नसतं, ती पुण्याला खोली घेऊन राहायला निघतात. शिवाय सारथी, बार्टी, महाज्योती, अमृत या वेगवेगळ्या समाजांसाठीच्या सरकारी संस्था आहेत, त्यातली तुझ्या प्रवर्गाला लागू होते ती संस्था कोणती ते बघ, जातीचा दाखला काढायला लाजायचं कारण नाही, ते तुझ्याचसाठी ठेवलेले पैसे आहेत. हे सगळं पटापट सांगतेय कारण खरं सांगायचं तर हा भाग सोपा आहे, फॉर्म भरायचे आणि धीर धरायचा. अवघड आहे ते अभ्यासिकेचं.

आईबद्दल एकच सांगते. आई अर्धी बरोबर आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजू नयेत असं नाही, पण एकटीनेच चुलीपुढे का बसायचं? तुम्ही दहा जण आहात म्हणतेस, मग रोज ७ ते १० तूच का असतेस तिथे? वार लावून घ्या, तुझ्या वाट्याला आठवड्यातले दोन. उरलेल्या पाच संध्याकाळी तू अर्ज कर, क्लास कर, नाहीतर आईशेजारी बसून मालिका बघ, तिला बरं वाटेल.

आता अभ्यासिका.

भाऊ म्हणतात सरकार तरुणांच्या संस्थांना लाखो रुपये देतं. मी कॉलेजात असल्यापासून, म्हणजे फार वर्षं झाली, हे वाक्य ऐकतेय आणि दरवेळी सांगणाऱ्याच्या अंगावर पांढराच शर्ट असतो. सरकार तरुणांसाठी काय करतं ते एकदा नीट बघ. राष्ट्रीय सेवा योजना, आपलं एनएसएस, १९६९ ला सुरू झालं गांधीजींच्या जन्मशताब्दीला. नेहरू युवा केंद्रं १९७२ ला. आता २०२३ पासून माय भारत, म्हणजे केंद्र सरकारचं तरुणांसाठीचं नोंदणीचं पोर्टल, १५ ते २९ वयासाठी, आणि युवा केंद्राचं कामही त्याच नावाखाली. एवढ्या वर्षांत या सगळ्यांनी तरुणांना काय दिलं, तर शिबिरं, प्रशिक्षण, प्रमाणपत्र, टोपी, टी-शर्ट, प्रवासखर्च. रोख अगदी कमी. आणि मला वाटतं ते बरंच आहे, कारण रोख आली असती तर तुझ्यापर्यंत पोचायच्या आत वाटेत किती हात लागले असते देव जाणे.

पण या न-रोख गोष्टींचा तुला उपयोग आहे, आणि तो कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. एनएसएसच्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, दोन वर्षांत २४०. दरवर्षी कॉलेजच्या प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे एनएसएस बघणाऱ्या प्राध्यापकाला, प्रश्न पडतो की पोरांना पाठवू कुठे, मग शेवटी रॅली निघते, नाहीतर त्याच चौपाटीची तिसऱ्यांदा सफाई होते. तू वाशी-कोपरखैरण्यातल्या दोन कॉलेजांत जा, प्रोग्राम ऑफिसरला भेट आणि सांग की आमच्याकडे रोज संध्याकाळी तीस मुलं बसतात, गणित-इंग्रजी शिकवायला माणसं हवीत, तास आम्ही वहीत लिहून सही करून देऊ. मुलांना तास मिळाले, तुला शिक्षक मिळाले, कोणाचाही एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. माय भारतवर गटातल्या सगळ्यांनी नावं नोंदवा, फुकट आहे, प्रशिक्षणाचं काही निघालं तर कळेल तरी. आणि त्यातल्या धडधाकट दोघा-तिघांना नागरी संरक्षण दलाचं प्रशिक्षण घ्यायला सांग, ठाण्यात ते आहे, आपल्याकडचा पाऊस काय करतो ते २६ जुलै २००५ ला आपण सगळ्यांनी बघितलंय (तू तेव्हा कडेवर असशील).

बक्षिसाचं पण सांगून ठेवते. जिल्हा युवा पुरस्कार म्हणून असतो, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून अर्ज घेतात, एका मुलाला आणि एका मुलीला दहा-दहा हजार, संस्थेला पन्नास हजार. मुलीसाठी वेगळा आहे हे लक्षात घे, तिथे अर्ज करायला संस्था लागत नाही, तू एकटी करू शकतेस. मात्र पुरावे मागतात, फोटो, कात्रणं, प्रशस्तिपत्रकं. म्हणून आजपासून एक हजेरीवही आणि एक फाईल. रोज कोण आलं, किती वाजता, कोणी शिकवलं. तुला वाटेल काय सरकारी कारभार, पण ही वही पुढे तुझ्या चार ठिकाणी कामाला येणार आहे.

आता संस्थेचं. मला यातलं एवढं कसं कळतं तर मी पोळलेय म्हणून. १९९० च्या दशकात आम्ही ठाण्यात सात-आठ जणांनी रुग्णांना वॉकर, कमोडची खुर्ची, वॉटर बेड असलं सामान मोफत वापरायला द्यायचं काम चालू केलं होतं, छान चाललं होतं, एकाच्या गॅलरीत सामान असायचं आणि एक वही होती. मग कोणीतरी म्हणालं रजिस्टर करा, ग्रँट मिळेल. केली. दोन वर्षं ऑडिट केलं, मग खजिनदार नोकरीनिमित्त पुण्याला गेला, सीएची फी कोण देणार यावरून भांडण झालं, ऑडिट राहिलं, आमचे एक काका वारले आणि बदल अर्ज कोणी केलाच नाही, त्यामुळे काका कागदोपत्री पुढची नऊ वर्षं विश्वस्त होते. ग्रँट एक रुपयाची आली नाही. ते सगळं निस्तरायला जेवढे हेलपाटे घातले तेवढ्यात अर्ध्या ठाण्याला वॉकर पोचवले असते.

म्हणजे कायदा वाईट आहे असं नाही गं. कायदा बरोबरच आहे, लोकांचे पैसे घेणार तर हिशोब द्या. आपल्या राज्यात संस्था काढायची म्हणजे १८६० चा सोसायटी कायदा, किमान सात जण, घटना आणि नियमावली, आणि वर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा. नोंदणी झाली की दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, बँक खातं, पॅन, मिनिट बुक. आणि एवढं करून ग्रँटच्या दारात उभं राहिलं की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असतो, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल दाखवा. म्हणजे आज नोंदणी केलीस तर अर्ज करायची लायकी यायलाच तीन वर्षं. तुमची सोसायटी तर पुढच्या महिन्यात ऑफिस खाली करायला सांगतेय. आता सांग, भाऊंचे लाखो रुपये येणार कधी?

आणि "तू फक्त सचिव हो" म्हणतात त्यातला "फक्त" बघ. अध्यक्ष कोण असणार ते त्यांनी सांगितलेलं दिसत नाही, बहुतेक पुतण्या असेल. अध्यक्ष फोटोत असतो, सही सचिवाची असते. उद्या हिशोब मागायला नोटीस आली तर ती सचिवाच्या नावाने येते, तुझ्या घरी, त्या एका खोलीत, तुझ्या वडिलांच्या हातात. आधार-पॅनच्या झेरॉक्स त्या माणसाला दिल्या नसशील तर देऊ नकोस. दिल्या असशील तर परत माग, नाहीतर निदान त्यावर कशासाठी दिल्या ते आडवं लिहून सही कर, आणि कोऱ्या कागदावर सही करायला सांगितलं तर सरळ उठून घरी ये.

भाऊंना नाही कसं म्हणायचं ते मला विचारू नकोस, तू तिथे राहतेस, मी नाही, आणि मी इथे खुर्चीत बसून शौर्याच्या गोष्टी सांगणं बरोबर दिसणार नाही. पण "आम्हाला संस्था नको, दोन ट्यूबलाईट आणि सहा बाकं हवीत" असं म्हणता येतं. दिली तर घ्या, वहीत लिहा कोणी दिली ते, फळ्यावर खडूने आभार लिहा. बॅनर नको. दहावीतलं पोर भूमिती करताना समोर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो कशाला? आणि एक लक्षात ठेव, लोकांकडून पावती फाडून वर्गणी गोळा करायची तर त्यालासुद्धा त्याच १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-सी खाली परवानगी लागते, गणपती मंडळं दरवर्षी काढतात तीच. आपापसात दहा जणांनी शंभर-शंभर रुपये काढणं वेगळं, दारोदार जाऊन पावती फाडणं वेगळं.

मग सरकारकडे मागायचं काय? चावी.

तुला पैशांची गरज नाहीये, नीट हिशोब करून बघ. वीज, पाणी, खडू, चटया, सगळं मिळून महिन्याला किती जातं? दहा जणांच्या खिशातून निघतंय ना दोन वर्षं? तुला हवी आहे एक खोली, संध्याकाळी ७ ते १०. आणि महापालिकेकडे पैसे मागायला गेलं तर निधी नाही म्हणतात, पण खोल्या आहेत, आणि त्या संध्याकाळी बंद असतात. पालिकेच्या शाळा सुटलेल्या असतात. समाजमंदिरं लग्न-बारशाशिवाय कुलूपबंद असतात. तुझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांत अशा किती जागा आहेत ते रविवारी दोघी-तिघींनी फिरून वहीत लिहा. कुठे कुलूप आहे, वॉचमन कोण, आत लाईट आहे का, बायकांचं टॉयलेट आहे का (मुली रात्री दहापर्यंत थांबणार, हा प्रश्न पहिला). दाराबाहेर रस्त्यावर दिवा आहे का तेही बघ.

आणि आता तुझे अकरा महिने कामाला येणार. तू पत्रात लिहिलंयस की "तिथे मी नुसतं आवक-जावक आणि झेरॉक्स केलं, काही शिकले नाही." अगं वेडे! बाहेरच्या माणसाला जे दहा वर्षांत कळत नाही ते तुला कळलंय. साहेबांच्या हातात थेट दिलेलं पत्र बॅगेत जातं आणि बॅगेतून घरी जातं, आवक टेबलला दिलेल्या पत्राला नंबर पडतो, हे तुला माहीत आहे. पोचवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही हे माहीत आहे. पत्र गेलं की कारकून त्याच्यावर टिपणी ठेवतो आणि टिपणी कशी लिहिली यावर निम्मा निकाल ठरतो, हेही तू डोळ्यांनी बघितलंयस. मग असं पत्र लिही की त्या कारकुनाला टिपणी लिहायला सोपं जाईल. एक पान. कोण आहोत, दोन वर्षं काय करतोय, रोज सरासरी किती मुलं (हजेरीवहीची झेरॉक्स जोडून), कोणती जागा, कोणते वार, किती ते किती, साफसफाई आणि कुलूप कोण बघणार, मोडतोड झाली तर जबाबदार कोण, आणि शेवटी "सहा महिन्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर परवानगी द्यावी." हे प्रायोगिक तत्त्वावर फार कामाचं आहे, कायमचं द्या म्हटलं की सगळे घाबरतात, सहा महिने म्हटलं की सही करायला हात धजावतो. भाषणबाजी नको, देशाचं भवितव्य वगैरे तर नकोच नको.

पत्र कोपरखैरणे विभाग कार्यालयात विभाग अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत बेलापूरला मुख्यालयात समाजविकास विभागाला, शाळेची खोली हवी असेल तर एक प्रत शिक्षण विभागाला. तिन्हीवर पोच. आणि नगरसेवक. तुमच्याकडे २०२० पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा आलेत, आणि आता पॅनल पद्धतीत बहुतेक प्रभागांत चार-चार आहेत. लोक एकाला धरतात आणि मग त्याचं लेबल लागतं. तू चौघांनाही एकच पत्र दे, एकाच दिवशी, आणि प्रत्येकाच्या पत्रात खाली बाकी तिघांची नावं प्रत म्हणून लिही. एकाने केलं तर उरलेल्या तिघांना आपण पण केलं म्हणायचं असतं, आणि चार जणांचं काम असलं की एकाचाच बॅनर लागत नाही. ही युक्ती माझी नाही, ठाण्यातल्या एका जुन्या वाचनालयवाल्या आजोबांची, आणि ठाण्याला वाचनालयांचं काय कळतं ते विचारू नकोस, आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे.

महिनाभर काही झालं नाही तर? चिडून फेसबुकवर टाकू नकोस लगेच. आधी आवक नंबर घेऊन जाऊन विचार फाईल कोणाच्या टेबलावर आहे. तरी हललं नाही तर माहितीचा अधिकार, दहा रुपये, तीस दिवस. पण त्यात "आम्हाला जागा का दिली नाही" असं विचारू नकोस, का-चं उत्तर त्यात मिळत नाही. विचारायचं असं की कोपरखैरणे विभागात पालिकेची समाजमंदिरं किती, प्रत्येकाचं मागच्या एक वर्षाचं आरक्षण किती दिवस होतं, आणि आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या टिपणीची प्रत द्यावी. बरेचदा एवढा अर्ज गेला की उत्तर यायच्या आधी फोन येतो.

सोसायटीचं राहिलंच. नवीन कमिटीशी भांडण नको, कारण जागा मिळेपर्यंत तुम्हाला तिथेच बसायचंय. त्यांची अडचण काय ते विचारलंस का? बहुतेक वेळा लाईटबिल नाहीतर चपलांचा ढीग असतो. लाईटबिलाचे पैसे आम्ही देतो म्हणा, लेखी. आणि ज्या तीस पोरांचे आईबाप त्याच सोसायटीत सभासद आहेत त्यांना सांग वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी विषय लेखी द्यायला, ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. कमिटी मोजक्या जणांची असते, सभेत सगळे असतात, आणि ज्याचं पोर दहावीला आहे तो बाप सभेत गप्प बसत नाही.

तू शेवटी लिहिलंयस की खारघरचा मित्र तिकडे अशीच अभ्यासिका काढतोय आणि दोघांनी मिळून एकच अर्ज करावा का. नको. तुम्हाला दोघांना वाटतं आपण नवी मुंबईचे, लोकलचा पासही एकाच मार्गाचा, पण कागदाला ते माहीत नाही. कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. तुझं तहसील ठाणे, त्याचं पनवेल. तुझी महापालिका नवी मुंबई, त्याची पनवेल. तुझा जिल्हा क्रीडा अधिकारी ठाण्याला, त्याचा अलिबागला, त्या एका पुरस्काराच्या फॉर्मसाठी बिचारा समुद्रापर्यंत जाऊन येईल. एकत्र अर्ज केलात तर दोन्हीकडे हेच ऐकायला मिळेल की हे आमच्या हद्दीत येत नाही. पत्राचा मसुदा मात्र त्याला दे, नावं बदलून वापरू दे.

बाकी पत्र लिहून झालं की इथे पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. संपर्कासाठी खाली फक्त तुझा नंबर नको, गटातल्या दोघांचे दे, एक मुलगी एक मुलगा, म्हणजे तुझा इंटरव्ह्यू चालू असताना वॉर्डातून फोन आला तर कोणीतरी उचलेल.